तेजीशेठचा उरलेला शब्द

गल्लीनं त्यांना तेजीशेठ हे नाव थट्टेनं ठेवलं होतं, पण त्यांना ते मनापासून आवडायचं. पडद्यांच्या कापडाचं दुकान त्यांचं. दुपारभर एक गिऱ्हाईक पायरी चढलेलं नसो, कुणी विचारलं, "काय शेठ, कसं काय?" की उत्तर ठरलेलं: "तेजी आहे!" समोरचा चष्मेवाला त्यांचा बालमित्र. तो म्हणायचा, "याच्या घराला आग लागली तरी हा म्हणेल, उजेड काय झकास पडलाय!"

त्यांच्या दुकानात एक शब्द वर्ज्य होता. मंदी. नव्या विक्रेत्याला पहिल्याच दिवशी बजावायचे, "गिऱ्हाईक नसलं तर बाजार दमलाय म्हण. लोक गावाला गेलेत म्हण. हवा पडलीय म्हण. पण तो शब्द या छताखाली काढायचा नाही. बोलावलं की येते ती."

सूनबाई लग्न होऊन आली तेव्हा तिला याचं हसू आलं होतं. मग एकदा जेवताना तिच्या नवऱ्याच्या तोंडून तो शब्द सहज निसटला. बातम्यांत ऐकलेलं काहीतरी सांगत होता बिचारा. तिचे सासरे, घरातले सगळ्यांचे बाबा, भरल्या ताटावरून उठले, हात धुतले आणि न बोलता दुकानात निघून गेले. त्यानंतर तीही जपून बोलायला लागली. म्हाताऱ्या माणसाचं खूळ म्हणून नव्हे. उठताना तिनं त्यांचा चेहरा पाहिला होता. ते रागावले नव्हते. घाबरले होते.

ते पडले तेही दुकानातच. भर दुपारी एक बाई निळं मखमली कापड मागत होत्या. बाबांनी तागा उचलला आणि नेहमीच्या झोकात फळीवर उलगडला. निळं कापड सरसर पसरत गेलं, फळीच्या कडेवरून खाली ओघळलं, आणि त्याच्या मागोमाग बाबाही. सूनबाई धावली तेव्हा त्यांचा उजवा हात त्या कापडात गुंतून पडला होता, आणि हात आपला आहे हे जणू त्यांना ठाऊकच नव्हतं.

इस्पितळात कितीतरी दिवस त्यांच्या तोंडून आवाज फुटला नाही. मग एका सकाळी सासूबाई त्यांचं तोंड ओल्या फडक्यानं पुसत होत्या. बाबांनी डोळे उघडले, बायकोकडे पाहिलं आणि अगदी स्वच्छ, आपल्या रोजच्या आवाजात म्हणाले,

"मंदी."

सासूबाईंचा फडक्याचा हात तिथल्या तिथे थांबला. सूनबाई आणि तिचा नवरा खाटेच्या पायथ्याशी उभे होते. दोघांनीही ऐकलं. बाबा पुन्हा म्हणाले, या वेळी जरा लाडानं, "मंदी. मंदी मंदी?" आणि उत्तराची वाट पाहत राहिले.

घरी आणल्यावर बोलणं शिकवणाऱ्या बाई यायला लागल्या. उंच, शांत, कधी घाई न करणाऱ्या. त्यांनी समजावून सांगितलं, की मेंदूचा बोलण्याचा भाग दुखावला की कधी कधी माणसाकडे एकच शब्द उरतो. जे काही बोलायचं ते त्याच शब्दातून बाहेर पडतं.

"त्यांना वाटतंय ते नेहमीसारखंच बोलतायत," बाई म्हणाल्या. "चहा मागतायत, तुमची चौकशी करतायत. तो शब्द फक्त आपल्याला ऐकू येतो."

"पण हाच का?" सूनबाईनं विचारलं. "जो शब्द त्यांनी जन्मात कधी तोंडाला लागू दिला नाही, तोच कसा उरला?"

"ते नाही सांगता येत. कुणाकडे शिवी उरते, कुणाकडे एखाद्या माणसाचं नाव. आत काय कुठे जपून ठेवलेलं असतं कुणास ठाऊक." त्यांनी बाबांकडे पाहिलं. "किंवा दाबून. शब्दाकडे लक्ष देऊ नका. चाल ऐका. चाल शाबूत आहे त्यांची."

आणि खरंच होती. सूनबाईचा कान त्यात लवकर तयार झाला. शब्द सुरुवातीला उंच आणि शेवटी खाली आला की तहान लागलीय. दोनदा पटपट म्हटला की खिडकी उघडा. लांबवून, मान हलवत म्हटला की सुनेचा स्वयंपाक आवडला. नवऱ्याला काही ती चाल जमेना. तो प्रत्येक वेळी दचकायचा. सासूबाईंना कळायचं सगळं, पण सोसायचं नाही. "मला हाक मारतात तीसुद्धा तीच," त्या म्हणायच्या. "इतक्या वर्षांचा संसार, आणि आता माझं नाव काय, तर मंदी!" हसायच्या आणि पदरानं डोळे टिपायच्या.

एकदा भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "शब्द काही वाईट नाही गं तसा. मंद वारा म्हणतो आपण, मंद वास, मंद हसणं. सगळं कसं गोड. एक वेलांटी लागली की माणसांच्या पोटात गोळा येतो."

बाबांना चैन पडेना. रोज सकाळी आंघोळ झाली की डावा हात जिन्याकडे करून ते ओरडायचे. त्याचा अर्थ कळायला चाल ऐकायचीही गरज नव्हती. शेवटी त्यांना खाली नेलं आणि दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसवलं.

गल्ली भेटायला लोटली. बाबांचा चेहरा फुलला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते पूर्वीसारखेच हात वर करून, छाती भरून हाळी द्यायचे, "मंदी!" लोक आधी दचकायचे, मग हसायचे. चष्मेवाला तर रस्ता ओलांडून आला आणि त्यांच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "शेठ, अखेर खरं बोलायला लागलास!" सगळे हसले. बाबाही हसले.

चार दुकानं पलीकडे बूटवाला होता. त्यानं हौसेनं नवी काचेची दर्शनी खिडकी करून घेतली होती, आत दिवे सोडले होते. बाबांची खुर्ची त्यानं स्वतः ढकलत तिथवर नेली. बाबांनी त्या झगझगत्या बुटांकडे पाहिलं, कौतुकानं भुवया उंचावल्या आणि बूटवाल्याचा हात धरून म्हणाले, "मंदी!" सूनबाई मागे उभी होती. तिला ते अगदी स्पष्ट कळलं: वा, काय देखणं केलंयस! पण बूटवाल्याचा हात बाबांच्या हातातच सैल पडलेला तिला दिसला.

महिना उलटायच्या आत बूटवाल्यानं दुकानाला कुलूप घातलं. आता बूटवाल्याचं आधीपासूनच काही खरं नव्हतं, हे गल्लीला ठाऊक होतं. त्याच्या भावानं भांडवल काढून घेतलं होतं. पण पुढे खेळण्यांच्या दुकानाची मालकीण, जिला बाबांनी रस्त्यातून हात केला होता, तीही आवरून गेली. मग भांडीवाला. मग लोक आठवायला लागले, की शेठ कुणाकुणाकडे बघून बोलले होते.

काही जण बाबांची नजर टाळायला पलीकडच्या कडेनं चालायला लागले. एकीनं तर आपल्या दाराला जाड कापड लावून घेतलं, आणि ते विकत घेतलं बाबांच्याच दुकानातून, मान खाली घालून. काहींचं उलटं. ते सकाळी सकाळी यायचे, खुर्चीशी वाकायचे आणि हळूच विचारायचे, "शेठ, माल भरू का या खेपेला?"

बाबा आनंदानं, भरघोस आवाजात, त्यांच्या पाठीवर डावा हात ठेवून सांगायचे. काय सांगणार दुसरं?

"अहो, ते 'भर की' म्हणतायत!" सूनबाई कळवळून सांगायची. "चाल ऐका ना त्यांची!"

विचारणारा कसनुसा हसायचा आणि माल भरायचा नाही. मग त्याच्या फळ्या रिकाम्या दिसायला लागायच्या. रिकाम्या फळ्या पाहून गिऱ्हाईक दारातूनच परतायचं. त्याचं पाहून शेजारचा हात आखडायचा. अशी ती एकेका दुकानातून पुढच्या दुकानात सरकत गेली, आणि गल्लीत एक विचित्र शांतता उतरली. माणसं होती, दुकानं उघडी होती, दिवे लागलेले होते; पण सगळे हलक्या आवाजात बोलायचे, जणू कुणी आजारी माणूस आतल्या खोलीत झोपलाय.

आणि तो शब्द लोकांच्या जिभेवर यायला लागला.

सूनबाईनं पहिल्यांदा ते घरातच पाहिलं. नवरा फोनवर कापडाच्या गिरणीशी बोलत होता. "नाही, उद्या नको, मं..." म्हणाला आणि थांबला. त्याला मंगळवार म्हणायचं होतं. पण त्याच्या तोंडातून पुढे "दी" बाहेर पडलं. त्यानं फोन खाली ठेवला आणि तो आपल्या ओठांना हात लावून पाहत राहिला. मग दुकानातली विक्रेती "मंडळी, आत या ना" म्हणायला गेली, आणि दारातल्या बायका ऐकून चपापल्या. हळूहळू गल्लीतले लोक 'मं'नं सुरू होणारे शब्दच टाळायला लागले. मंगळवारला कुणी 'सोमवारचा दुसरा दिवस' म्हणायला लागलं. व्यापारी मंडळाची एका रात्रीत व्यापारी संघटना झाली. वरून पाहणाऱ्याला हसू आलं असतं. गल्लीत मात्र कुणी हसत नव्हतं.

एका दुपारी चष्मेवाला रस्ता ओलांडून आला. थाप नाही, थट्टा नाही. बाबा खुर्चीत डुलकी घेत होते. तो सूनबाईला आत घेऊन गेला, ताग्यांच्या मागे.

"सूनबाई, हे तुझ्यापाशीच ठेव," तो म्हणाला. "नजर तपासायचा तक्ता आहे ना माझा, भिंतीवरचा? मोठ्या अक्षरांपासून बारीक अक्षरांपर्यंत. तो मला पाठ आहे. त्यात कुठेही म नाही, की द नाही."

"बरं?"

"काल एक बाई आल्या. डावा डोळा झाकून वाचत होत्या. वरच्या ओळी बरोबर वाचल्या. शेवटच्या ओळीला अडखळल्या, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, मंदी. मी म्हटलं, पुन्हा वाचा. पुन्हा तेच. आज सकाळी एक मास्तर आले. तेच."

"काका, लोकांच्या डोक्यात तेच घोळतंय. बारीक अक्षर दिसलं नाही की माणूस डोक्यातलंच वाचतो."

"मीही तेच म्हटलं मनाशी." चष्मेवाल्यानं आपला चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसला, बराच वेळ पुसत राहिला. "पण त्या बाई या गल्लीतल्या नव्हत्या गं. परगावाहून आल्या होत्या. त्यांनी शेठला पाहिलेलंही नाही."

त्यानं तो तक्ता काढून भिंतीकडे तोंड करून ठेवला होता.

त्याच आठवड्यात संघटनेचे लोक घरी आले. अवघडून बसले. पाणी घेतलं, प्यायलं नाही. त्यांतला वयानं मोठा होता तो म्हणाला, "शेठनी आम्हाला आयुष्यभर धीर दिला. त्यांच्याबद्दल कुणाच्या मनात काही नाही. पण त्यांना घरातच ठेवा. हात जोडतो."

नवऱ्यानं मान डोलावली. त्यांच्याही दुकानात दिवसदिवस कात्रीला कापड लागत नव्हतं. सूनबाई म्हणाली, "ते तुम्हाला रामराम करतात हो, दुसरं काही नाही." कुणी तिच्याकडे पाहिलं नाही.

बाबांना वरच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीशी बसवलं. खिडकी बंद ठेवायची असं ठरलं. काचेतून त्यांना सगळी गल्ली दिसायची. पहिले काही दिवस ते काचेवर डाव्या हातानं टकटक करत राहिले, मग तेही थांबलं. गल्लीत तो शब्द आता कुणी ऐकत नव्हतं. तरीही काही सुधारलं नाही. उलट लोक मान वर करून त्या खिडकीकडे बघायचे, आणि काचेआड हलणारे ओठ त्यांना दिसायचे.

एकदा सूनबाई त्यांना दूध द्यायला गेली. बाबांची तिच्याकडे पाठ होती. ते खाली बघत होते आणि बोलत होते. "मंदी." थोडं थांबून, "मंदी." ती दारातच थबकली. इतक्या महिन्यांत त्यांच्या सगळ्या चाली तिला ओळखू यायला लागल्या होत्या, पण ही चाल तिनं कधी ऐकली नव्हती. चालच नव्हती त्यात. चढ नाही, उतार नाही. शब्द नुसताच ठेवल्यासारखा. ती त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. ते एकेका दुकानाकडे बघत होते, उघड्या असलेल्या, दिवे लागलेल्या दुकानांकडे, आणि एकेकाला सांगत होते. इतके दिवस तो शब्द दुसऱ्याच कशाच्या तरी जागी येत होता. आज पहिल्यांदा तो शब्द तोच शब्द होता.

शेवटी त्यांनी मान वाकवून आपल्याच दुकानाच्या पाटीकडे पाहिलं आणि तिलाही सांगितलं.

तिनं खाली येऊन सासूबाईंना गाठलं. त्या ऐकून घेत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला काय वाटलं, त्यांना आता दिसायला लागलीय? त्यांना पहिल्यापासून दिसायची. पोरवयात बापाचं दुकान बुडताना पाहिलंय त्यांनी. गिऱ्हाईक कापडाला हात लावून सोडून देतं, त्या हातावरून त्यांना कळायचं. रस्त्यातल्या पावलांवरून कळायचं. म्हणून तर तेजी तेजी करून ओरडायचे. अंधारात माणूस मोठ्यानं गातो ना, तसं."

बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी या सुमारास नवा प्रयत्न सुरू केला होता. पाठ असलेली, रोजची वाक्यं अर्धी म्हणायची आणि बाबांना पुरी करू द्यायची. "कधी कधी जीभ सवयीनं पुढे जाते," त्या म्हणाल्या. "विचार आडवा येत नाही." अंक झाले, वार झाले, बडबडगीतं झाली. प्रत्येक गोष्टीचा शेवट बाबा आपल्या त्याच शब्दानं करायचे.

मग एका संध्याकाळी दिवेलागणीला बाईंनी विचारलं, "रोज दुकानात शेवटचं काय म्हणायचे हे?"

सासूबाईंनी सांगितलं. बाईंनी बाबांचा डावा हात धरला, त्यावर ताल धरल्यासारखं थोपटलं आणि म्हणाल्या, "चला, दुकान..."

बाबांचे ओठ हलले. थांबले. खाली रस्त्यावर कुणीतरी लोखंडी दरवाजा ओढत होतं, त्याचा खडखडाट ऐकू येत होता.

"वाढवा," बाबा म्हणाले.

नवऱ्यानं आनंदानं बाबांना मिठीच मारली. बाई हसत होत्या, बाबा स्वतःच चकित झाले होते, पुन्हा पुन्हा म्हणून पाहत होते, "वाढवा! वाढवा!" नवऱ्यानं खिडकी सताड उघडली. बाबा बाहेर तोंड काढून ओरडले, आणि गल्लीनं ते ऐकलं.

दुसऱ्या दिवसापर्यंत ते सगळीकडे झालं होतं. शेठ बोलले! शेठनी सांगितलं, वाढवा! लोक पेढीवर जावं तसे जिना चढून यायला लागले. "शेठ, माल भरू?" "वाढवा." "शेठ, शेजारचा गाळा रिकामा आहे, घेऊ का?" "वाढवा!" जुना शब्द तर त्यांच्या तोंडातून पार गेलाच. रिकाम्या फळ्या भरल्या. भरलेल्या फळ्या पाहून गिऱ्हाईक आत शिरलं. विझलेल्या पाट्या उजळल्या. चष्मेवाल्यानं चष्म्यांच्या नव्या चौकटींची पेटीच्या पेटी मागवली, तक्ता पुन्हा सुलटा टांगला. आणि कुणीतरी रस्त्यात मोठ्यानं, मुद्दाम, "मंगळवार!" म्हणून ओरडलं आणि सगळी गल्ली खो-खो हसली.

सूनबाईला झोप लागेना. ती वाण्याच्या घरात वाढलेली नव्हती, पण इतकी वर्षं दुकानात काढल्यावर तिलाही ठाऊक होतं, की दुकानदार 'बंद कर' असं कधी म्हणत नाही. तो शब्द अशुभ. म्हणून दुकान मिटायचं असलं तरी म्हणायचं, वाढवा. दिवा विझवायचा तरी वाढवा. जाणारा माणूस 'येतो' म्हणतो, तसं. गल्लीतल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. प्रत्येक जण रोज संध्याकाळी हेच म्हणत होता. आणि तरीही एकालाही तो अर्थ आठवत नव्हता.

तिनं नवऱ्याला सांगितलं. तो बूटवाल्याचा रिकामा गाळा घ्यायच्या गोष्टी करत होता.

"बाबांनी इतक्या महिन्यांनी एक चांगला शब्द उच्चारला," तो भडकला, "आणि तू त्याचीही वाट लावतेस?"

"तू एकदा खुर्चीशी बस आणि ऐक. ते कसं म्हणतात ते ऐक."

तिनं चष्मेवाल्यालाही सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं. "सूनबाई," तो म्हणाला, "शब्दाचे दोन अर्थ असले तर माणसानं बरा तो घ्यावा. नाही तर जगावं कसं?"

बाबांना पुन्हा दारात बसवायला सुरुवात झाली होती. आता लोक त्यांची खुर्ची हौसेनं दुकानोदुकानी फिरवायचे. ते प्रत्येक दारात थांबायचे, आतले दिवे, माल, गर्दी पाहायचे आणि म्हणायचे, "वाढवा." पण ते हाळी दिल्यासारखं नव्हतं. थकल्या माणसानं दिवसाच्या शेवटी म्हणावं तसं, हळू, मायेनं. सूनबाई मागून चालायची. तिला वाटायचं, एक माणूस भर उजेडात गल्लीभर फिरून एकेक दार ओढून घेतोय, आणि लोक टाळ्या वाजवतायत.

एका संध्याकाळी नवरा तिच्या सांगण्यावरून, नाराजीनंच, खुर्चीशी येऊन बसला. दुकानात बरीच गर्दी होती. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याचं मनगट धरलं, दाराच्या वर, गुंडाळलेल्या लोखंडी पत्र्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "वाढवा." मुलाला समजलं नाही असं पाहून पुन्हा म्हणाले, समजावल्यासारखं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. नवऱ्यानं मान वर करून त्या पत्र्याकडे पाहिलं. मग उठला आणि आत जाऊन सासूबाईंना म्हणाला, "आई, आपण नवीन माल नाही भरायचा. आहे तो काढून टाकू."

त्या बऱ्या दिवसांतच त्यांनी दुकान रिकामं केलं. निळं मखमली कापडही एका नाटक कंपनीला गेलं. गल्ली नाराज झाली. काहींनी बोलणं टाकलं. "शेठ सांगतायत वाढवा, आणि पोरगा बसलाय गाशा गुंडाळून," असं म्हणत लोक हळहळले.

पुढच्या वर्षी गल्ली बसली. कशानं ते कुणालाच नीट सांगता आलं नाही. मोठी बँक बुडाली नाही, पूर आला नाही, रस्ता खणला नाही. गिऱ्हाईक एकेक करून येईनासं झालं, एवढंच. काही जण मात्र म्हणाले, की पहिलं दार तेजीशेठचं मिटलं, भरल्या ओळीतला एक दात पडला, आणि मग बाकीचे हलायला लागले. सूनबाईच्या मनातून ते गेलं नाही. अजूनही ती कधी शिवता शिवता थांबते आणि त्याचा विचार करते.

ते आता शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात. पुढच्या खोलीत ती आणि सासूबाई पडदे शिवतात, नवरा माप घ्यायला आणि पडदे टांगायला लोकांच्या घरी जातो. पोटापुरतं मिळतं. बाबा खिडकीशी बसतात. हल्ली ते फारसं बोलत नाहीत.

मागच्या हिवाळ्यात चष्मेवाला भेटायला आला. त्याचं दुकान गेलं होतं. एका इस्पितळात तो लोकांची नजर तपासायच्या कामाला लागला होता. वाळला होता, पण आल्या आल्या म्हणाला, "काय सूनबाई, म्हाताऱ्याला चष्मा लागला की नाही अजून?" ती हसली. तिला बरं वाटलं.

तो बाबांच्या शेजारी बसला. बाबांनी त्याला ओळखलं. डावा हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला, बराच वेळ त्याच्याकडे बघितलं. मग त्यांनी श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

चष्मेवाला झटकन पुढे वाकला आणि त्यानं आपला तळवा बाबांच्या ओठांवर ठेवला. हलकेच, लहान मुलाचं तोंड पुसावं तसा. "नको शेठ," तो म्हणाला. "आज काही नको बोलूस. दोघंजण नुसते बसू."

बाबा तळव्याखाली बोलले. सूनबाईला नुसता गुणगुणल्यासारखा आवाज ऐकू आला. चष्मेवाल्यानं हात काढला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो आपल्या तळव्याकडे बघत होता.

"काय म्हणाले?" तिनं विचारलं.

"ऐकू नाही आलं. ओठ लागले हाताला." त्यानं तळवा मिटला. "सूनबाई, तो पहिला शब्द नव्हता. आणि दुसराही नव्हता. नवीन होता. लांब होता."

तिनं यंत्र थांबवलं आणि ती बाबांजवळ येऊन उकिडवी बसली. "बाबा, पुन्हा सांगा ना. ऐकते मी. काय म्हणालात?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग मित्राकडे. त्यांना जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं. ते मंद हसले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.